घराची नाडी

इटलीतील पाडुआ येथील विद्यापीठात सुमारे चारशे वर्षांपूर्वी एक विलक्षण वैद्य शिकवीत असे. त्याचे नाव सांतोरिओ सांतोरिओ. नाव आणि आडनाव एकच. ही छपाईची चूक नव्हे! या गृहस्थाने एका मोठ्या तराजूला चक्क एक खुर्ची टांगली होती. त्या खुर्चीत बसून तो जेवत असे. जेवणापूर्वी स्वतःचे वजन, जेवणानंतरचे वजन, खाल्लेल्या अन्नाचे वजन, प्यायलेल्या पाण्याचे वजन आणि शरीरातून बाहेर पडलेल्या मलमूत्राचेही वजन तो टिपून ठेवी. हा उद्योग त्याने एकदोन महिने नव्हे, तर सुमारे तीस वर्षे केला असे सांगतात. १६१४ साली त्याने आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

या हिशेबातून त्याला एक चमत्कारिक गोष्ट आढळली. समजा, एका दिवसात आठ पौंड अन्नपाणी पोटात गेले, तर मलमूत्रावाटे जेमतेम तीनच पौंड बाहेर पडत. मग उरलेले पाच पौंड गेले कोठे? शरीराचे वजन तर तेवढे वाढत नव्हते! सांतोरिओने अनुमान काढले, की हे पाच पौंड आपल्या नकळत त्वचेतून आणि श्वासावाटे निघून जात असले पाहिजेत. याला त्याने न जाणवणारा घाम म्हटले. आज आपल्याला माहीत आहे, की ही पाण्याची वाफ आणि उच्छ्वासातील कार्बन डाय-ऑक्साइड होय.

मला या गोष्टीतील एक भाग फार महत्त्वाचा वाटतो. खर्चाच्या यादीतील सर्वांत मोठी रक्कम नेमकी डोळ्यांना न दिसणारी निघाली. ती शोधायला हुशारी फारशी लागली नाही. तराजू आणि चिकाटी लागली.

आता तुमच्या घराकडे पाहा. घरही रोज 'जेवते'. वीज, गॅस, पाणी, धान्य, भाजी, कपडे, साबण असे काय काय त्याच्या पोटात जाते, आणि बाहेर काय पडते म्हणाल तर सांडपाणी, धूर, कचऱ्याची एक पिशवी आणि पुष्कळशी उष्णता. घराला असे सांतोरिओच्या खुर्चीत बसवता येईल का? येईल. त्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री तुमच्या घरात आधीच आहे. इतकेच नव्हे, तर निम्मा हिशेब तुमची आई किंवा आजी वर्षानुवर्षे ठेवीतही असेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे आकडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख कोण लिहिते ते जरा पाहा!

हिशेब कशासाठी?

वीज, गॅस आणि पाणी या तिन्ही गोष्टी घरात येतात तेव्हा त्यांच्यामागची वाट आपल्याला दिसत नाही. आपल्या देशातील वीजनिर्मितीपैकी सुमारे सत्तर ते पंचाहत्तर टक्के वीज कोळशापासून होते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या केंद्रात कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्रे फिरतात आणि आपल्या खोलीत दिवा लागतो. यात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांश भागाचीच वीज होते. बाकीची उष्णता तेथेच वाया जाते. जलविद्युत, पवन, सौर अशी सर्व प्रकारची वीज एकत्र धरून सरासरी काढली, तरी दर युनिटमागे सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड हवेत सोडला जातो. स्वयंपाकाच्या गॅसचे म्हणाल, तर देशाला लागणाऱ्या गॅसपैकी अर्ध्याहून अधिक परदेशांतून जहाजांनी आणावा लागतो.

पाण्याची गोष्ट तर अधिक जवळची. लातूर शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटल्यामुळे १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या व त्यांत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांहून अधिक होती. भागाकार करून पाहा. दर माणशी दीड लिटरही पाणी येत नाही! पुढे ५० टाक्यांच्या गाड्या आल्या, म्हणजे माणशी सहा-सात लिटर. तुमच्या आमच्या न्हाणीघरात एका वेळी तोंड धुताना एवढे सहज वाहून जाते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. तुम्ही पुण्यात किंवा नाशकात वाचवलेली बादली काही लातूरला जात नाही. प्रत्येक नदीचे खोरे वेगळे असते. परंतु तुमचे धरणही पावसावरच भरते, आणि मे महिन्यात तुमच्याच गावच्या टोकाच्या वस्तीला पाणी पुरते की नाही हे गावातल्या सर्वांच्या बादल्यांच्या बेरजेवर अवलंबून असते.

वहीचे पहिले पान: अंदाज

एक शंभर पानी वही घ्या. पण मोजायला लागण्यापूर्वी पहिल्या पानावर एक गंमत करा. घरातील प्रत्येकाला वेगवेगळे विचारा, "आपल्या घरात सर्वांत जास्त वीज कशाला लागते?" उत्तरे न हसता लिहून ठेवा. आमच्या घरी हा प्रश्न विचारला तेव्हा तिघांनी दिव्यांकडे बोट दाखवले, आणि खरे सांगायचे तर त्या तिघांत मीही होतो.

असे चुकणारे आपण एकटेच नाही. अमेरिकेत शहझीन अत्तारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५०५ लोकांना निरनिराळ्या उपकरणांना किती ऊर्जा लागते याचा अंदाज करायला सांगितले. या पाहणीचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. लोकांचे अंदाज सरासरीने प्रत्यक्षाच्या सुमारे एक-तृतीयांशच होते. विशेष म्हणजे कमी ऊर्जा लागणाऱ्या वस्तूंच्या बाबतीत ते फारसे चुकले नाहीत; मोठ्या खादाड उपकरणांच्या बाबतीत मात्र फारच कमी पडले. ऊर्जा वाचवण्याचा उपाय म्हणून कितीतरी जणांनी 'दिवे मालवणे' हाच सांगितला.

याचे कारण काय असावे? दिव्याचा प्रकाश डोळ्यांना दिसतो. म्हणून दिवा चालू आहे हे आपल्याला सतत जाणवते. उष्णता मात्र दिसत नाही. सांतोरिओचे ते पाच पौंड येथेही लपून बसलेले आहेत.

लुकलुकणारा लाल दिवा

विजेचे मोजमाप तुमच्या घरी रात्रंदिवस चालूच आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो. तो ठरावीक वीज खर्च झाली की एकदा लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला म्हणजे एक युनिट, हा आकडा मीटरच्या दर्शनी भागावर छापलेला असतो. निरनिराळ्या मीटरांवर तो वेगवेगळा असतो. आपण उदाहरणासाठी ३२०० धरू. तुमच्या मीटरवरचा आकडा तुम्ही पाहून घ्या. मात्र नुसते पाहायचे आहे. मीटरला, तारांना किंवा पेटीला हात लावायचा नाही, आणि पेटी उघडल्याशिवाय दिवा दिसत नसेल तर मोठ्या माणसाला बरोबर घ्या.

एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालले असता लागणारी ऊर्जा, म्हणजेच ३६०० किलोज्यूल. आता थोडे गणित केले, की सूत्र मिळते: ११२५ या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा. उत्तर येईल ते त्या क्षणी घरात चालू असलेल्या उपकरणांचे वॅट. ही ११२५ संख्या कोठून आली, ते तुम्हीच काढून पाहा. मीटरवरचा आकडा ३२०० नसेल तर ती बदलावी लागेल.

दुपारी घरातील इतर सर्व वस्तू बंद करून फक्त एक पंखा लावा. जुन्या पद्धतीचा ७५ वॅटचा पंखा असेल, तर लाल दिवा १५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट घेतो. त्यासाठी तुम्हाला जवळजवळ ३८ सेकंद थांबावे लागेल. आता पंखा बंद करून फक्त ९ वॅटचा एलईडी दिवा लावा. घड्याळाकडे पाहत बसा. अर्धे मिनिट झाले, मिनिट झाले, मीटर जणू झोपी गेला! दोन मिनिटे आणि पाच सेकंद झाल्यावर एकदा लुकलुक होते.

यानंतर २००० वॅटचा पाणी तापवण्याचा गीझर लावा. लाल दिवा सेकंदाला जवळजवळ दोनदा उड्या मारू लागतो. मोजता मोजता तुमचीच धांदल उडते.

योगायोग असा, की सांतोरिओनेच नाडीचा वेग मोजण्यासाठी लंबकाचे एक साधन तयार केले होते. लंबकाची दोरी कमीजास्त करून त्याचा ठेका नाडीच्या ठेक्याशी जुळवायचा आणि दोरीची लांबी लिहून ठेवायची. मीटरवरचा हा लाल दिवा म्हणजे घराची नाडीच आहे. एकदा ती पाहण्याची सवय झाली, की कोणते उपकरण लावल्यावर घराला 'ताप' चढतो हे आपल्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागत नाही.

एका बादलीची किंमत

गीझर एवढा खादाड का? दोष गीझरचा नाही, पाण्याचा आहे. पाणी तापायला फार उष्णता घेते. एक किलोग्रॅम पाण्याचे तपमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला ४.२ किलोज्यूल उष्णता लागते, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. ते आता न्हाणीघरात वापरू.

एक बादली म्हणजे २० लिटर पाणी. नळाचे पाणी २५ अंशांवर आहे आणि आंघोळीला ४० अंशांचे हवे आहे. म्हणजे वाढ १५ अंशांची. २० गुणिले ४.२ गुणिले १५ म्हणजे १२६० किलोज्यूल. त्याला ३६०० ने भागले की आले ०.३५ युनिट. हिवाळ्यात नाशिककडे नळाचे पाणी १५ अंशांपर्यंत उतरले, तर तीच बादली जवळजवळ ०.६ युनिटची होते.

०.३५ हा आकडा किरकोळ दिसतो खरा. पण तेवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा सुमारे ३९ तास जळेल! म्हणजे एका बादलीच्या विजेत रोज रात्री पाच तास याप्रमाणे आठवडाभर अभ्यास होतो. चौघांच्या घरात रोज चार बादल्या तापल्या, तर महिन्याला ४२ युनिट नुसत्या आंघोळीवर खर्च होतात, आणि गीझरच्या टाकीतून झिरपणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

अजून एक तुलना पाहा. १००० लिटर पाणी दहा मजली इमारतीच्या गच्चीवर, म्हणजे सुमारे ३० मीटर उंच चढवायला किती ऊर्जा लागेल? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, म्हणजे १००० गुणिले ९.८ गुणिले ३०. उत्तर २९४ किलोज्यूल. पंपात आणि नळांत निम्मी ऊर्जा वाया जाते असे धरले, तरी ५८८ किलोज्यूल, म्हणजे ०.१६ युनिट. पन्नास बादल्या दहा मजले वर नेण्याला जेवढी वीज लागते, तिच्या दुपटीहून अधिक वीज त्यांतली एकच बादली कोमट करायला लागते! हे गणित मी पहिल्यांदा केले तेव्हा उत्तर चुकले असे समजून पुन्हा मांडले होते.

आता आणखी एक विचार मनात येईल. चंद्रपूरला कोळशाची उष्णता होती. तिची वीज केली, तेव्हा दोन-तृतीयांश उष्णता गमावली. आणि शेवटी घरी आणून त्या विजेची पुन्हा उष्णताच केली. हा उलटा प्रवास कशाला? तीच बादली गॅसच्या शेगडीवर तापवली तर काय होईल? भारतीय मानकाप्रमाणे घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते, म्हणजे १२६० किलोज्यूलसाठी सुमारे १८५० किलोज्यूल उष्णतेचा गॅस जाळावा लागेल. एक किलोग्रॅम गॅसपासून सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. तेव्हा ४० ग्रॅम गॅस पुरे होईल, आणि त्यापासून निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड सुमारे १२० ग्रॅम असेल. विजेच्या बादलीचा हाच आकडा २४५ ग्रॅम येतो. म्हणजे दुप्पट. ज्यांच्या गच्चीवर सौर जलतापक आहे त्यांना उन्हाच्या दिवसांत यांपैकी काहीच लागत नाही. पण बादली अर्धी भरणे, किंवा पाणी ३८ अंशांवर थांबवणे, याला तर गच्चीही लागत नाही!

शॉवरखाली आंघोळ करणाऱ्यांनी एकदा शॉवरखाली बादली ठेवून ती किती सेकंदांत भरते ते पाहावे. मिनिटाला ८ लिटर पाणी पडत असेल, तर दहा मिनिटांची आंघोळ चार बादल्यांची झाली.

शिटी आणि झाकण

स्वयंपाकघरात शिरण्यापूर्वी तेथे ज्यांचे राज्य आहे त्यांची परवानगी घ्या. वही घेऊन ओट्याजवळ उभे राहून "आई, तू गॅस फार जाळतेस" असे म्हणाल, तर प्रयोग तेथेच संपेल, आणि तो संपणेच योग्य ठरेल. त्यापेक्षा आईला विचारा, सिलिंडर किती दिवस पुरतो? बहुधा तिचा अंदाज तुमच्या वहीहून अचूक निघेल.

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलोग्रॅम गॅस असतो. तो ४० दिवस पुरला, तर रोजचा खर्च ३५५ ग्रॅम. ज्यांच्याकडे नळाने गॅस येतो त्यांनी मीटरवरील घनमीटर वाचावेत. सिलिंडरच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. प्रोपेनचे सूत्र घेऊन ज्वलनाचे समीकरण मांडा. ४४ ग्रॅम प्रोपेन जळला, की १३२ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड तयार होतो. म्हणजे बरोबर तिप्पट. ब्यूटेनचेही जवळजवळ तसेच. तेव्हा १४ किलोच्या सिलिंडरातून सुमारे ४३ किलो वायू हवेत जातो! भरला त्यापेक्षा जास्त कसा निघाला, असे कोणी विचारले तर सांगा, की बाकीचे वजन प्राणवायूचे. तो आपल्या खोलीतल्या हवेतून घेतलेला असतो.

आता उघड्या पातेल्यात उकळणाऱ्या वरणाकडे पाहा. पाणी उकळू लागले, की त्याचे तपमान सुमारे १०० अंशांवर थांबते. मग ज्योत कितीही मोठी करा, डाळ अधिक तापत नाही, म्हणून लवकर शिजतही नाही. फक्त वाफ अधिक होते. आणि ही वाफ फार महाग असते. एक लिटर पाणी २५ वरून १०० अंशांपर्यंत तापवायला ३१५ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण वाफ करून उडवायला आणखी २२६० किलोज्यूल, म्हणजे सातपटींहून जास्त! स्वयंपाक करताना नुसती पावशेर, म्हणजे पाव लिटर पाण्याची वाफ छताकडे गेली, तरी १८ ग्रॅम गॅस तिच्याबरोबर गेला. वरच्या ३५५ ग्रॅमांशी ताडून पाहा. तो रोजच्या गॅसचा विसावा हिस्सा झाला. ताटलीचे एक झाकण आणि उकळी आल्यावर बारीक केलेली ज्योत यांनी त्यातला बराचसा वाचतो.

कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. म्हणून डाळ लवकर शिजते. शिटी म्हणजे कुकरने जादा झालेली वाफ बाहेर टाकली, एवढाच तिचा अर्थ. पहिल्या शिटीनंतर ज्योत बारीक केली, तर आतला दाब तसाच राहतो आणि वाफ फेकली जात नाही. मात्र आपल्याकडे 'तीन शिट्या' हेच वेळेचे माप झाले आहे. घरात घड्याळ असताना शिट्या मोजणे मला जरा गमतीचे वाटते, पण या विषयावर मी घरी फार बोलत नाही.

थेंब आणि सदरा

पाण्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक मापाचे भांडे आणि सेकंदकाटा. नळ नेहमीइतका उघडून एक लिटरचे भांडे किती वेळात भरते ते मोजा. दहा सेकंद लागले, तर मिनिटाला सहा लिटर. नळ सोडून तीन मिनिटे दात घासले की १८ लिटर गेले. गळका नळ असेल, तर त्याखाली दहा मिनिटे फुलपात्र ठेवा. १०० मिलिलिटर जमले, तर दिवसाला १४.४ लिटर. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरतात, आणि २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण घरांसाठी माणशी ५५ लिटर धरले आहेत. तुमच्या घराची माणशी सरासरी यांपैकी कोणत्या आकड्याजवळ येते ते पाहा. ज्यांच्या घरी आरओ पद्धतीचे शुद्धियंत्र आहे त्यांनी स्वच्छ पाणी एका भांड्यात आणि टाकाऊ पाणी दुसऱ्या भांड्यात धरून तुलना करावी. दुसरे भांडे आधी भरेल याची तयारी ठेवा.

पण जे पाणी नळातून येतच नाही त्याचे काय? हॉलंडमधील आर्येन हुक्स्ट्रा या शास्त्रज्ञाने २००२ साली 'पाण्याचा ठसा' ही कल्पना मांडली. एखादी वस्तू शेतापासून दुकानापर्यंत तयार होताना एकूण किती पाणी लागले, ते त्या वस्तूच्या नावावर लिहायचे. पाव किलो वजनाच्या सुती सदऱ्याचा हा आकडा जगाच्या सरासरीने सुमारे २५०० लिटर येतो. म्हणजे एका माणसाचे १३५ लिटरप्रमाणे अठरा दिवसांचे पाणी! एक जास्तीचा सदरा न घेणे आणि अठरा दिवस आंघोळच न करणे, यांत सोपे कोणते ते तुम्ही ठरवा.

मात्र या आकड्याला डोळे मिटून मान डोलावू नका. तो साऱ्या जगाची सरासरी आहे, आणि त्यात पिकाने वापरलेले पावसाचे पाणीही धरलेले आहे. विदर्भ-मराठवाड्यातला पुष्कळसा कापूस कोरडवाहू, म्हणजे पावसावरच होतो. तो पाऊस तुमच्या नळात आला असता असे नाही. उसाला मात्र विहिरीचे आणि कालव्याचे पाणी द्यावे लागते. आकडा तोच असला, तरी पाणी कोठून आले यावर त्याचा अर्थ बदलतो.

प्रवासाचीही एक ओळ वहीत ठेवा. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे २.३ किलो कार्बन डाय-ऑक्साइड निघतो. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरवरून दहा किलोमीटरचा फेरफटका म्हणजे जवळजवळ दोन बादल्या विजेचे गरम पाणी. शिळे टाकून दिलेले अन्न आठवडाभर एका डब्यात जमवून तोलणे जरा किळसवाणे वाटेल. दररोज वजन करून फक्त आकडा ठेवला तरी चालेल.

वही खोटे कधी बोलते?

पंधरा दिवस वही भरली, की तुम्हाला उपाय सुचू लागतील. येथे एक चूक हमखास होते. एकाच दिवशी गीझरचे तपमान उतरवले, पंखा बदलला आणि झाकणे ठेवायला सुरुवात केली. महिन्याअखेर बिल कमी आले. मग कोणत्या उपायाने कमी आले? काही सांगता येत नाही. कदाचित त्या महिन्यात ताई आठ दिवस मावशीकडे गेली होती, एवढेच कारण असेल! म्हणून एका वेळी एकच बदल करा, तो निदान दोन आठवडे चालू ठेवा, आणि पाहुणे, सुट्ट्या, थंडी-पाऊस यांची नोंद शेजारी लिहा. जानेवारीची तुलना मे महिन्याशी न करता मागच्या जानेवारीशी करा. बऱ्याच वीजबिलांवर मागील महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते येथे उपयोगी पडतात. बिलाची रक्कम नव्हे, युनिट पाहा. दर बदलतात, युनिट बदलत नाही.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. १८६५ साली इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी कोळशाच्या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. जेम्स वॅटच्या वाफेच्या यंत्राला पूर्वीच्या यंत्रांपेक्षा कितीतरी कमी कोळसा लागे. मग इंग्लंडचा कोळसा वाचायला हवा होता. झाले उलटेच. यंत्र चालवणे स्वस्त पडू लागल्यामुळे ते जागोजाग बसवले गेले आणि देशाचा कोळशाचा एकूण खप वाढला. तुमच्या घरात हे घडते का ते पाहा. दिवा ९ वॅटचा झाला म्हणून गॅलरीत तो रात्रभर जळतो आहे का? सौर जलतापक बसल्यापासून आंघोळ लांबली आहे का? म्हणून सुधारणा झाली की वही बंद करायची नाही. उलट, खरे तपासायचे काम तेव्हाच सुरू होते.

आणि काही ओळींना हात लावायचा नाही हेही ठरवून टाका. आजोबांचे गुडघे दुखतात म्हणून ते दोन बादल्या कढत पाणी घेतात, तर ती वहीत लिहायची आणि पुढे जायचे. बाळाचे दूध दोनदा तापवले, तर तेही लिहायचे. सांतोरिओने तीस वर्षे वजने केली, पण म्हणून जेवण काही सोडले नाही.

आता शेवटचा प्रयोग. रात्री सर्वांची झोपायची वेळ झाली, की मोठ्या माणसांना सांगून पाच मिनिटांसाठी घरातील दिवे, पंखे आणि फ्रीज बंद करा. दूरदर्शन संच, सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचा राउटर, भिंतीत खुपसून ठेवलेले चार्जर यांना हात लावू नका. ते 'बंदच' आहेत असे सगळे समजतात. हातात घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहा. समजा, ४५ सेकंदांनी लाल दिवा लुकलुकला, आणि पुन्हा ४५ सेकंदांनी लुकलुकला. ११२५ भागिले ४५, म्हणजे २५ वॅट. दिवसाचे चोवीस तास, महिन्याचे तीस दिवस; १८ युनिट झाले. झोपलेल्या घरातले हे २५ वॅट कोण खाते आहे? एकेक वस्तू भिंतीतून काढत जा आणि दर वेळी पुढच्या लुकलुकीची वाट पाहा.